लहानपणीची करडी शिस्त आणि मोठेपणीचे मन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

लहानपणी आईवडिलांनी आणि आजी-आजोबांनी लावलेल्या कडक शिस्तीबद्दल आज काय वाटते, हे लिहून पाठवण्याची विनंती आम्ही मागच्या अंकात वाचकांना केली होती. आलेली पत्रे बहुतांशी चाळिशी ओलांडलेल्या वाचकांची आहेत. त्यांत निव्वळ तक्रार करणारी पत्रे थोडी आणि निव्वळ कौतुक करणारीही थोडीच. बहुतेकांनी एकाच पत्रात, कधी एकाच वाक्यात, दोन्ही लिहिले आहे आणि त्या विसंगतीबद्दल शेवटी क्षमाही मागितली आहे. तिची काही गरज नव्हती. ज्या माणसाचा धाक वाटे त्याच माणसावर जीवही होता, असे मुलांच्या बाबतीत सर्रास घडते. पुढच्या उत्तरांत मी पुन्हा पुन्हा एकाच कसोटीकडे येणार आहे. शिस्त किती कडक होती हे पाहण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात, असे मला वाटते : कशाला शिक्षा होईल हे मुलाला आधी कळत होते का, आणि शिक्षा झाल्यानंतर कोणी त्याला पुन्हा जवळ घेतले का. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे. आमचे वडील फार शिस्तीचे होते. माझ्या आठवणीत ते कडक आहेत, पण न्यायी आहेत. चूक असेल तरच मारायचे. माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेली बहीण मात्र म्हणते की ते निर्दयपणे मारत आणि ती भीती तिच्या अंगातून अजून गेलेली नाही. वडील आता हयात नाहीत. हा विषय निघाला की आम्हा दोघांत वाद होतो. कोणाची आठवण खरी मानायची?

उत्तर : दोघांच्याही आठवणी खऱ्या असू शकतात. भावंडे एकाच घरात वाढली तरी त्यांचे बालपण एकच नसते. वडिलांचे वय, नोकरीतला ताण, तब्येत, घरातली ओढाताण हे सारे सहा वर्षांत पुष्कळ बदलते. शिवाय दहा वर्षांच्या मुलाला मार कशासाठी बसला हे उमगते. चार वर्षांच्या मुलीला फक्त चढलेला आवाज, उगारलेला हात आणि दादाचे रडणे एवढेच दिसते. स्वतः एकही फटका न खाता, भावंडांना बसलेल्या फटक्यांच्या भीतीत वाढलेली मुले असतात, आणि मोठेपणी त्यांनी तोंड उघडले की ‘तुला कुठे कोणी मारलं होतं?’ असे विचारून त्यांना गप्प केले जाते.

दुसरी गोष्ट आठवणीच्या स्वभावाची आहे. माणूस आठवतो तेव्हा तो घडलेल्या गोष्टीची नव्याने जुळणी करत असतो, असे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडले होते. अमेरिकेत डॅनियल ऑफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये १४ वर्षांच्या मुलांना घर, आईवडील, शिक्षा यांविषयी विचारून उत्तरे नोंदवून ठेवली, आणि त्यांतल्या ६७ जणांना ते ४८ वर्षांचे झाल्यावर ‘त्या वयात तुम्ही काय सांगितले असते?’ असे विचारले. हा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही वेळच्या उत्तरांचा मेळ इतका कमी बसला की केवळ अंदाजाने उत्तरे दिली असती तरी तेवढा बसला असता. मात्र यावरून ‘जुन्या आठवणी म्हणजे वाढवून सांगितलेल्या गोष्टी’ असा निष्कर्ष काढू नये. ज्यांच्या लहानपणीच्या मारहाणीची न्यायालयात नोंद होती अशा प्रौढांच्या मुलाखती कॅथी विडम यांनी घेतल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांनी तिचा उल्लेखच केला नाही. म्हणजे आठवण पुसलीही जाते. तुमच्या आठवणीतून काय पुसले गेले आहे हे तुम्ही एकटे सांगू शकणार नाही, आणि बहिणीलाही तिच्याबाबतीत ते सांगता येणार नाही.

विडम आणि अँड्रिया डॅनीज यांचा २०२० चा एक अभ्यास मला तुमच्या प्रश्नासाठी सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोठेपणीच्या मानसिक त्रासाचा संबंध कागदोपत्री नोंदीपेक्षा त्या व्यक्तीला स्वतःला काय आठवते आणि ते तिने कसे अनुभवले याच्याशी अधिक असल्याचे त्यांना आढळले. तेव्हा बहिणीची भीती वस्तुस्थितीला किती धरून आहे याचा निवाडा करत बसलात तरी ती भीती कमी होणार नाही. ती बोलते तेव्हा तुम्हाला वडिलांची बाजू मांडावीशी वाटते, कारण तिचे म्हणणे मान्य केले तर आपले वडील हातचे जातील असे वाटते. तसे होत नाही. पुढच्या वेळी फक्त विचारा : ‘तुला नेमके काय आठवते? त्या वेळी मी कुठे होतो?’ हा दुसरा प्रश्न अवघड आहे, पण तो विचारावा असे मला मनापासून वाटते. कारण अनेक धाकट्या भावंडांना वडिलांच्या माराइतकेच, मोठे भावंड तिथे असून काही करू शकले नाही याचेही दुःख असते, आणि मोठ्या भावंडालाही ते बोलून दाखवायला कधी जागा मिळालेली नसते.

प्रश्न : आजोबा रोज संध्याकाळी मला पाढे म्हणायला बसवत आणि चुकले की हातावर पट्टी मारत. आज मी हिशेबात पक्की आहे, वेळेची काटेकोर आहे, याचे श्रेय मी त्या पट्टीलाच देते. हल्ली मुलांना कोणी ब्र काढत नाही आणि ती हट्टी होतात. ‘मार खाल्ला म्हणून घडलो’ हे म्हणणे इतके चूक का ठरवले जाते?

उत्तर : तुमच्या म्हणण्यातला एक भाग खरा आहे आणि तो टीकाकार सहसा ऐकून घेत नाहीत. एक वयस्क माणूस रोज संध्याकाळी आपला वेळ काढून तुमच्याजवळ बसत होता, तुम्हाला काय येते आणि काय येत नाही हे त्याला ठाऊक होते, आणि तुम्हाला आले पाहिजे असे त्याला तळमळीने वाटत होते. पाढे पक्के व्हायला एवढे पुरेसे आहे. श्रेय मात्र पट्टीला मिळाले, कारण दुखलेला हात लक्षात राहतो आणि शेजारी बसलेला माणूस रोजचाच असतो.

तुमचे बालपण पट्टीशिवाय पुन्हा जगून पाहता येत नाही, म्हणून एकेका व्यक्तीच्या उदाहरणावरून हा वाद कधी मिटत नाही. अशा वेळी अनेकांचे अनुभव एकत्र पाहावे लागतात. एलिझाबेथ गेर्शोफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांत मिळून सुमारे १,६०,००० मुलांची माहिती होती. उघड्या हाताने मारलेल्या साध्या फटक्यांचाच त्यांनी विचार केला, गंभीर मारहाणीचा नाही. १७ बाबी तपासल्या, त्यांपैकी १३ बाबींत स्पष्ट संबंध दिसला आणि तो प्रत्येक वेळी मुलाच्या हिताच्या विरुद्ध दिशेचा होता : आक्रमकपणा अधिक, आईवडिलांशी नाते अधिक ताणलेले, मनःस्वास्थ्य कमी. हे परिणाम सरासरीने लहान आहेत आणि अशा अभ्यासांत कारण व परिणाम पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्यामुळे मार खाल्लेला प्रत्येक जण बिघडतो असे कोणी म्हणू नये. तुम्ही बिघडलेल्या नाहीत. पण मारामुळे मूल घडते याला त्या सगळ्या माहितीत आधार सापडला नाही.

‘हल्लीच्या मुलांना कोणी काही बोलत नाही’ या तुमच्या काळजीशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लहान मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे निरीक्षण करून पालकत्वाच्या तीन पद्धती वर्णन केल्या. एकीत फक्त हुकूम असतो आणि आज्ञापालन हेच मूल्य असते. दुसरीत सारेच चालवून घेतले जाते. तिसरीत अपेक्षा ठाम असतात, पण त्यांचे कारण सांगितले जाते, मुलाचे म्हणणे ऐकले जाते आणि माया उघड दिसते. सगळे चालवून घेणाऱ्या घरांतली मुलेही त्यांना स्वावलंबी आणि संयमी आढळली नाहीत; तिसऱ्या पद्धतीतली आढळली. हात न उगारताही ठाम राहता येते, हे तेव्हापासून माहीत आहे.

आजोबांना दोष देण्याआधी त्यांचा काळही पाहावा. मुलांना मिठीत घेऊ नका, त्यांचे मुके घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा, असा सल्ला जॉन वॉटसन या नामवंत अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये पालकांना दिला होता. मायेने मूल नासते हे त्या काळी तज्ज्ञच सांगत होते, तर सामान्य माणसाने दुसरे काय मानावे? घरातल्या मारालाही कायद्याने बंदी घालणारा स्वीडन हा पहिला देश, आणि तो कायदा झाला १९७९ मध्ये. आज साठहून अधिक देशांत तशी बंदी आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने मुलांना मारू नये आणि शब्दांनी लाजवूही नये असे निःसंदिग्ध धोरण २०१८ मध्ये जाहीर केले. आजोबांचे ऋण मानताना पट्टी वगळली, तर ते ऋण कमी होत नाही.

प्रश्न : मला आजीने वाढवले. तिने माझ्यावर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. माझे काही चुकले की ती अबोला धरी. कधी दोन दिवस, कधी आठवडाभर. माझे खाणेपिणे, कपडे, वेण्या सगळे वेळच्या वेळी होई, पण ती माझ्याकडे पाहत नसे. काय चुकले ते मला कित्येकदा शेवटपर्यंत कळत नसे, म्हणून मी सगळ्याच गोष्टींची माफी मागत राही. आज मी ४१ वर्षांची आहे आणि नवरा कामाच्या विचारात अर्धा तास गप्प बसला तरी माझ्या पोटात गोळा येतो. ज्यांनी खरोखर मार खाल्ला त्यांच्यापुढे ही तक्रार क्षुल्लक वाटेल, म्हणून आजवर कुणाला सांगितली नाही.

उत्तर : तुमची तक्रार क्षुल्लक नाही. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तुमच्या पत्राने मला सर्वांत अस्वस्थ केले.

मार वाईटच, पण तो संपतो हे मुलाला माहीत असते. अबोला कधी संपेल हे माहीत नसते, तो कशामुळे सुरू झाला हे माहीत नसते, आणि तो संपवण्यासाठी काय करावे तेही माहीत नसते. सुरुवातीला मी ज्या दोन गोष्टी म्हटल्या, आधी कळणारा नियम आणि नंतरचे जवळ घेणे, त्या दोन्ही इथे नाहीत. अशा वेळी मूल उरलेला एकच उपाय करते : सगळेच माझे चुकले असे मानते. तुम्ही तेच केलेत, आणि त्या वयाच्या मानाने तो उपाय शहाणपणाचा होता, कारण त्यामुळे निदान काही केल्यासारखे वाटे.

बोलणाऱ्या, हसणाऱ्या चेहऱ्यावर मुलांचे किती अवलंबून असते हे एडवर्ड ट्रोनिक यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. त्यांच्या प्रयोगात आई तान्ह्या बाळाशी नेहमीसारखी खेळते आणि मग काही मिनिटे निर्विकार चेहऱ्याने बाळासमोर नुसती बसते. बाळ हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते. काही केल्या प्रतिसाद येत नाही असे दिसल्यावर ते मान फिरवते आणि आक्रसून जाते. काही मिनिटांत हे होते, आणि तुमच्या वाट्याला आठवडे आले. त्याच ट्रोनिक यांच्या कामातून दिलासा देणारी एक गोष्टही पुढे आली : प्रेमळ घरांतही आई आणि बाळ यांचे सूर पुष्कळ वेळा जुळत नाहीत, आणि बिघडलेला सूर पुन्हा जुळतो या अनुभवातूनच मुलाला खात्री मिळते. तुमच्या घरी तो पुन्हा जुळण्याचा भाग फार उशिरा येई आणि कोणत्याही शब्दांशिवाय येई.

आजीबद्दलही विचार करावा. हात न उगारणे ही कदाचित तिच्या मते मोठी सुधारणा असेल. तिच्या स्वतःच्या लहानपणी काय झाले होते हे तुम्हाला कदाचित कोणी सांगितलेही नसेल. ज्या बाईला घरात आपला राग बोलून दाखवायची मुभाच नव्हती, तिच्या हाती मौन एवढेच शिल्लक राहिले असणे शक्य आहे. हे समजल्याने तिच्याविषयीची कटुता कमी होईल. पोटातला गोळा त्यामुळे जाणार नाही, कारण तो समजुतीच्या पातळीवर नाही, सवयीच्या पातळीवर आहे.

त्या सवयीवर मात्र काम करता येते. नवऱ्याला हे सगळे सांगा, पण तो गप्प असताना सांगू नका. एखाद्या निवांत वेळी सांगा. त्याच्याकडून एकच गोष्ट मागा : विचारात असशील तेव्हा ‘मी तुझ्यावर रागावलेलो नाही, जरा विचारात आहे’ एवढे म्हण. ज्याला अबोल्याचा अनुभव नाही त्याला हे वाक्य बोलण्याची गरजच कधी जाणवलेली नसते. तुमच्या बाजूने, न विचारता माफी मागणे थांबवा. गोळा आला की ‘माझे काही चुकले का?’ असे एकदा विचारा आणि ‘नाही’ असे उत्तर आले की पुन्हा विचारू नका. सुरुवातीला हे जड जाईल. काही महिन्यांनीही झोप, काम किंवा संसार यांवर या भीतीचा भार राहिला, तर समुपदेशकाकडे जायला संकोच करू नका. लहानपणीचा अबोला हे तिथे जाण्यासाठी पुरेसे कारण आहे.

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे. लहानपणी ती आम्हाला अंधाऱ्या खोलीत कोंडे आणि पाहुण्यांसमोर आमचे वाभाडे काढी. नातवंडांशी मात्र ती इतक्या मायेने वागते की मला ती निराळीच बाई वाटते. मी विषय काढला तेव्हा ‘असं काही झालंच नाही, तुझ्या डोक्यात कोणी भरवलं?’ असे म्हणून ती रडली. मी पुन्हा बोलावे की सोडून द्यावे?

उत्तर : आधी स्वतःला विचारा की तुम्हाला तिच्याकडून काय हवे आहे. तिने माफी मागावी, कारण सांगावे, की केवळ तुम्हाला काय सोसावे लागले हे तिला कळावे? माफी हवी असेल तर निराशेची तयारी ठेवून बोला. त्या कोंडण्याला तुमच्या आयुष्यात केवढी जागा आहे, पण तिच्या लेखी ती कामाच्या रगाड्यातली एक दुपार असेल. तिला ते खरोखर आठवत नसणे शक्य आहे, आणि आठवत असूनही लाजेने नाकारणे हेही शक्य आहे.

बोलायचे ठरवले तर दोघीच असताना बोला, आणि सुरुवात तिच्या लहानपणापासून करा. तिला कोण रागावे, काय शिक्षा होई, आम्ही लहान असताना तुझा दिवस कसा जाई, हे ऐकून घ्या. मग एकच प्रसंग सांगा. ‘तू नेहमी असे करायचीस’ असे म्हणू नका. ‘त्या दिवशी खोलीत मला फार भीती वाटली होती, आणि ते तुला सांगावेसे वाटते’ एवढेच म्हणा, आणि उत्तराची सक्ती करू नका. विस्मरणाचा आजार सुरू झाला असेल तर हा विषय तिच्याशी काढूच नका. भावंडाशी किंवा विश्वासातल्या मैत्रिणीशी बोला, किंवा लिहा. मनावर आघात करून गेलेल्या गोष्टीविषयी सलग चार दिवस पंधरा पंधरा मिनिटे लिहिणे, ही पद्धत जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये अभ्यासली होती. लिहिताना सुरुवातीला मन अधिक खिन्न होते, पण पुढे अनेकांना उपयोग होतो. आईने मान्य केले नाही म्हणून घडलेले न घडलेले होत नाही.

नातवंडांवरची माया पाहून तुम्हाला जे दुखते ते स्वाभाविक आहे. तिच्यावर आता घर चालवण्याचा भार नाही आणि हाताशी वेळ आहे. ती माया मुलांना मिळू द्या. पण तिने मुलांना कधी चारचौघांत लाजवले, तर त्याच दिवशी, तिथल्या तिथे थांबवा.

प्रश्न : मुलावर ओरडताना माझ्या तोंडून वडिलांचेच शब्द निघतात आणि त्याचा चेहरा पाहून मला स्वतःची भीती वाटते. काय करू?

उत्तर : राग चढला की खोलीतून बाहेर जा, आणि शांत झाल्यावर परत या. परत येणे महत्त्वाचे. त्याला सांगा की तुझी चूक होती, पण माझे ओरडणे आणि ते शब्दही चूक होते. बापाने मुलाची माफी मागितल्याने त्याचा वचक जात नाही. घरातले चारदोन नियम त्याच्याबरोबर बसून ठरवा आणि ते मोडल्यावर काय होईल हेही आधीच ठरवा, म्हणजे ऐन वेळी तोंडात येईल ते बोलण्याची पाळी येणार नाही.

प्रश्न : ज्या वडिलांनी मला पट्ट्याने मारले, ते आज अंथरुणाला खिळले आहेत आणि त्यांचे सर्व काही मीच करतो. सगळे म्हणतात, आता तरी माफ कर. मला ते जमत नाही. मी ढोंगी आहे का?

उत्तर : नाही. सेवा करणे आणि माफ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; एक केली म्हणून दुसरी केलीच पाहिजे असे नाही. माफी आतून आली तर येईल, आणि लोकांच्या सांगण्यावरून ती आणू नये. एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. आज असहाय ते आहेत आणि बळ तुमच्या हातात आहे. त्यांना उठवताना, आंघोळ घालताना जुना राग अचानक हातात उतरू शकतो. तसे जाणवले की त्या वेळेपुरते काम दुसऱ्याच्या हाती द्या. भावंडे असतील तर त्यांना हे कारण स्पष्ट सांगून आठवड्यातले ठरावीक दिवस त्यांच्याकडे सोपवा, आणि कोणीच नसेल तर पगारी मदतनीस ठेवणे परवडते का ते पाहा. त्यांच्या डॉक्टरांनाही तुमच्यावर किती ताण आहे ते सांगा. घरी सेवा करणाऱ्याच्या तब्येतीची चौकशी सहसा कोणी आपणहून करत नाही.